'आधीचा फोटो दाखव ना!'

गेल्या वर्षी जुलैमध्ये, रात्री बाराच्या ठोक्याला मी माझ्या जिवलग मित्राच्या वाढदिवसाची स्टोरी टाकली. आपण सगळे टाकतो तशीच. पाच-सहा फोटोंचं कोलाज, मागे गाणं, कोपऱ्यात केकचा स्टिकर. त्यातला एक फोटो फर्स्ट इयरच्या ट्रॅडिशनल डेचा होता. नऊवारी, नथ, गजरा आणि आम्ही दोघी (हो, तेव्हा मी 'दोघी'च म्हणायचे) दात काढून हसतोय. शेजारी त्याचा आत्ताचा फोटो. बारीक कापलेले केस, चेक्सचा शर्ट, ओठांवर कोवळी मिसरूड. वर लिहिलं, 'इथून इथपर्यंत! लय अभिमान वाटतो भावा!' आणि त्याचं नवं अकाउंट टॅग केलं.

चाळीस मिनिटांनी त्याचा फोन आला. 'काढ ते. आत्ता.' बाकी एक शब्द नाही.

मी काढलं. पण त्याची आतेबहीण मला फॉलो करते, हे मी पार विसरून गेले होते. सकाळी त्या स्टोरीचा स्क्रीनशॉट कोल्हापुरात त्यांच्या फॅमिली ग्रुपवर पडला होता, कुणाच्या तरी 'शुभ सकाळ'च्या सूर्यफुलाखाली. घरी त्याने केस कापलेत एवढंच माहीत होतं. नवं नाव, हार्मोन्स, डॉक्टर यातलं काहीच नाही. डिग्री हातात आल्यावर दिवाळीच्या सुट्टीत आधी आईला आणि मग वडिलांना सांगायचं, असं त्याने दोन वर्षांपासून ठरवलं होतं. सांगताना कोणती वाक्यं वापरायची, तीसुद्धा त्याने लिहून ठेवली होती. मी मध्ये पडून एका झटक्यात त्रेचाळीस जणांना सांगून टाकलं. गाण्यासकट.

तिसऱ्या दिवशी वडील एसटीने पुण्यात आले. हॉस्टेलच्या खालच्या बाकड्यावर तासभर बसले, फार काही बोलले नाहीत आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. त्या महिन्यापासून घरून पैसे यायचे बंद झाले. तेव्हापासून तो संध्याकाळी एका कॅफेत काम करतो.

हे सगळं त्याच्या परवानगीने लिहितेय. लेख त्याने वाचलाय, दोन परिच्छेद कापायला लावले, ते कापलेत. नाव घालायचं नाही ही त्याची अट आहे. जुनं नाही आणि नवंही नाही.

मला राग माझा तर आहेच, पण आपल्या सगळ्यांच्या एका सवयीचाही आहे. एखाद्याने लिंगबदलाचा प्रवास सुरू केला की आपण त्याला आपोआप 'कंटेंट' समजायला लागतो. चांगल्या भावनेने समजतो, ही त्यातली जास्त वाईट गोष्ट. शिव्या देणाऱ्याला ब्लॉक करता येतं. कौतुक करताना तुमचं आयुष्य उघडं करून टाकणाऱ्या मैत्रिणीला काय करणार?

सोशल मीडिया वाईट, फोन ठेवून द्या, अभ्यास करा, असलं काही मला म्हणायचं नाहीये. उलट तो नसता तर माझा मित्र आज कुठे असता याची मला भीती वाटते. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि पुढच्या वर्षी त्याच्या हातात चुलत्याचा जुना फोन आला. तेव्हा तो आठवीत होता. यूट्यूबवर काहीतरी भलतंच शोधताना त्याला एका परदेशी ट्रान्स पुरुषाचा व्हिडिओ सापडला. इंग्रजी निम्मं कळलं नाही, तरी तो व्हिडिओ त्याने अकरा वेळा पाहिला. 'हे फक्त मलाच होत नाही' एवढं कळायला निम्मं इंग्रजी पुरलं.

आपल्याकडे 'तृतीयपंथी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. जन्माला मुलगा म्हणून नोंद झालेली, पण बाई म्हणून जगणारी व्यक्ती. त्या समाजात गुरू-चेल्याची परंपरा आहे, घराणी आहेत, घरातून हाकललं तर जायला एक दार आहे. ते दार सोपं नाही, पण आहे. मुलगी म्हणून वाढवलेल्या आणि आपण पुरुष आहोत हे उमगलेल्या माणसाला असं कुठलं घराणं नाही. कोल्हापूरच्या एका पेठेत राहणाऱ्या चौदा वर्षांच्या पोराला स्वतःसारखं माणूस दिसलं ते फक्त स्क्रीनवर. छाती सपाट दिसावी म्हणून तो क्रेप बँडेज करकचून गुंडाळायचा. ते बरगड्यांना आणि श्वासाला घातक असतं, त्यासाठी वेगळा बाइंडर मिळतो आणि तोसुद्धा सात-आठ तासांपेक्षा जास्त वापरायचा नाही, ही माहिती त्याला ना शाळेने दिली, ना फॅमिली डॉक्टरने. एका अनोळखी ट्रान्स पुरुषाने मेसेजमध्ये दिली. बरगड्या वाचल्या त्या इंटरनेटमुळे.

आता आपल्या भाषेची गंमत बघा. इंग्रजीत 'आय केम, आय सॉ' म्हणून निसटता येतं. मराठीत पहिल्याच वाक्यात पकडले जाता. 'मी आलो' की 'मी आले'? 'कुठे गेला होतास' की 'गेली होतीस'? इन्स्टाग्रामने 2021 मध्ये काही देशांत प्रोफाइलवर सर्वनामं लिहायला वेगळी जागा दिली. छान केलं. पण मराठी माणसाचं सर्वनाम बायोमध्ये नसतं, क्रियापदाच्या शेपटीत असतं. माझा मित्र या बाबतीत नशीबवान. कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असं बिनधास्त बोलतात. त्यामुळे पुण्यात आल्यावर तो पहिल्या दिवसापासून 'आलो, जेवलो, झोपतो' म्हणायचा आणि आम्हा सगळ्यांना वाटायचं, अय्या, काय गोड कोल्हापुरी आहे! तीन सेमिस्टर तो आमच्यासमोर खरं बोलत होता आणि आम्ही त्याला बोलीभाषा समजत होतो.

तर, प्रवास सुरू झाला. नाव ठरलं. नवं अकाउंट काढलं. झालं का? नाही हो. जुनं नाव एकाच जागी नसतं, ते सांडलेलं असतं. टपरीवर चहाचे पैसे यूपीआयने द्यायला जा, समोरच्याला बँकेतलं नाव दिसतं. तो एकदा स्क्रीनकडे बघतो, एकदा तुमच्याकडे. अनोळखी माणसाला फोन करा, ट्रूकॉलर वर्षानुवर्षांपूर्वी कुणीतरी सेव्ह केलेलं नाव उचलून दाखवतं. व्हॉट्सॲपवर तुम्ही स्वतःचं नाव काहीही ठेवा, समोरच्याच्या फोनमध्ये त्याने जे सेव्ह केलंय तेच दिसणार. इन्स्टावर हँडल बदललं तरी जुन्या फोटोंखाली मैत्रिणींनी आपुलकीने टाइप केलेलं 'अगं किती गोड!' तसंच राहतं. गुगल फोटोज तर प्रेमळ आजीसारखं वागतं. कोणी न विचारता 'चार वर्षांपूर्वी आजच्या दिवशी' काढून समोर ठेवतं. (त्यात एखाद्या चेहऱ्याला किंवा तारखांना आठवणींतून वगळायची सोय आहे. सेटिंगमध्ये शोधा. मी तो फोटो टाकल्यानंतर शोधली.)

आणि सगळ्यात मोठा विनोद सरकारी. नाव कायदेशीर बदलायचं तर राजपत्रात छापावं लागतं. तिथे काय छापतात? जुनं नाव आणि नवं नाव, शेजारी शेजारी. म्हणजे जे पुसायचं तेच आधी जाहीर करायचं. तरीही तो कागद मिळाल्यावर माझ्या मित्राने त्याचा फोटो काढला, जुनं नाव अंगठ्याने झाकून.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की अशा माणसाचा दिवसातला बराच वेळ आपल्या खुणा गोळा करण्यात जातो. एकेक करत तो दारं लावत असतो. आणि आपण मागून येऊन खिडकी उघडतो, 'थ्रोबॅक थर्सडे' म्हणत.

रील्सकडे वळू. 'ट्रान्झिशन टाइमलाइन' हा आता एक ठरलेला साचा झालाय. पहिला महिना, तिसरा महिना, पहिलं वर्ष, टाळी वाजली की चेहरा बदलला. आवाज बदलल्याचे व्हिडिओ तर माझा मित्र गाण्यासारखे ऐकायचा. त्यातून आशा मिळते हे मान्य. पण तीस सेकंदांत काय काय कापलं जातं? टेस्टोस्टेरॉनने आवाज काही महिन्यांत फुटायला लागतो आणि मग तो मागे फिरत नाही, हे त्या रीलमध्ये दिसतं. त्याच औषधाने रक्त दाट होऊ शकतं, म्हणून हिमोग्लोबिन आणि इतर तपासण्या ठरावीक काळाने कराव्या लागतात, हे दिसत नाही. ट्रान्स स्त्रियांनी इस्ट्रोजेन घेतलं तरी आवाज आपोआप बारीक होत नाही, त्यासाठी महिनोन्महिने वेगळा सराव करावा लागतो. तो सराव कोण अपलोड करणार? कंटाळवाणा असतो तो. मानसोपचारतज्ज्ञांच्या भेटी, एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या दारातली रांग, नर्सने मोठ्याने पुकारलेलं जुनं नाव, यातलं काहीच व्हायरल होत नाही. म्हणून मग आपल्या सहाव्या महिन्याची तुलना दुसऱ्याच्या सहाव्या महिन्याशी होते, आपण 'मागे पडलोय' असं वाटायला लागतं आणि कुणीतरी कमेंटमध्ये सांगितलेला डोस स्वतःवर करून बघायचा मोह होतो. माझ्या मित्राला झाला होता. रीलवर दिसणारं शरीर तुमचं नाही, त्याला सोसलेलं तुम्हाला सोसेल असं नाही. इथे मी काकूंसारखी बोलतेय, चालेल. डॉक्टरशिवाय हार्मोन्स घेऊ नका.

ज्यांना आपला प्रवास मांडायचाय त्यांनी जरूर मांडावा. 2021 च्या जानेवारीत मुंबईची फॅशन डिझायनर सायशा शिंदेने इन्स्टाग्रामवर स्वतःच्या शब्दांत सांगितलं की ती ट्रान्स स्त्री आहे. त्याच वर्षाच्या शेवटी हरनाझ संधूने मिस युनिव्हर्सचा मुकुट जिंकला तो सायशाने डिझाइन केलेल्या गाऊनमध्ये. डॉ. त्रिनेत्रा हलदार गुम्माराजूने मणिपालला मेडिकलचं शिक्षण घेतानाच आपला प्रवास उघडपणे मांडला. तो वाचून, बघून कितीतरी पोरापोरींना शब्द सापडले. दिशा पिंकी शेख मराठीत लिहितात तेव्हा आपल्याला कळतं, की यातलं सगळं इंग्रजीत बोलायची गरज नाही.

2024 मध्ये माजी क्रिकेटपटू संजय बांगर यांची लेक अनाया बांगरने आपल्या हार्मोनल बदलांबद्दल इन्स्टाग्रामवर लिहिलं. ती स्वतः क्रिकेट खेळलेली. 2023 च्या नोव्हेंबरात आयसीसीने नियम केला होता, की पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेल्या खेळाडूंना महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत खेळता येणार नाही. म्हणजे अनायासाठी हा प्रश्न फक्त ओळखीचा नव्हता, लहानपणापासूनच्या खेळाचाही होता. पण चर्चा कशाची झाली? जुन्या नावाची आणि मोठमोठ्या क्रिकेटपटूंबरोबरच्या जुन्या फोटोंची. तिने स्वतःहून जुने फोटो दाखवले होते, मग इतरांनी दाखवले तर काय बिघडलं, असं माझ्या वर्गातल्या एकाने मला विचारलं. सरळ उत्तर आहे. मी माझी डायरी तुला वाचून दाखवली, म्हणून तू ती वर्गात फळ्यावर लिहायची नसते.

'आधीचा फोटो दाखव ना' हा प्रश्न माझ्या मित्राला सरासरी आठवड्यातून एकदा तरी येतो. अनोळखी माणसांकडून कमी, ओळखीच्यांकडून जास्त. त्यात उत्सुकता असते, वाईट हेतू नसतो. पण विचार करा, दुसऱ्या कुणाला आपण पहिल्या भेटीत असं काही विचारतो का? आणि हा तर सौम्य प्रश्न. त्यापुढचे प्रश्न इथे छापता येणार नाहीत असे असतात आणि ते विचारणाऱ्यांच्या डीपीत बऱ्याचदा गणपती असतो किंवा स्वतःची लहान मुलगी.

कमेंट म्हणजे फक्त अक्षरं, हे म्हणणं आता सोडून द्यायला हवं. 2023 च्या दिवाळीत उज्जैनच्या एका सोळा वर्षांच्या मुलाने साडी नेसून रील टाकली. त्याला मेकअपची आवड होती, स्वतःच शिकला होता. खाली द्वेषाच्या हजारो कमेंट्स आल्या. त्याच महिन्यात त्याने आयुष्य संपवलं. तो ट्रान्स होता की नव्हता हा प्रश्नच नाही. कमेंट करणाऱ्यांनी तरी कुठे विचारलं होतं? एक मुलगा साडीत दिसला, एवढं त्यांना पुरलं. (कुणाला फार अंधारून आल्यासारखं वाटत असेल तर टेलि-मानसचा 14416 हा नंबर चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं.)

मग प्लॅटफॉर्म काय करतात? वाऱ्याप्रमाणे पाठ फिरवतात. ट्विटरने 2018 मध्ये ट्रान्स व्यक्तींना मुद्दाम जुन्या नावाने किंवा चुकीच्या लिंगाने हिणवण्यावर बंदी घातली होती. 2023 च्या एप्रिलमध्ये ती ओळ नियमांतून गुपचूप गायब झाली. 2025 च्या जानेवारीत फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाने नियम सैल केले आणि लिंगओळखीवरून कुणाला मनोरुग्ण म्हणणं चालेल अशी सूट दिली. इथे कुणाला मत नव्हतं, मतदान नव्हतं. एक दिवस सकाळी उठलो आणि घराच्या भिंती पातळ झालेल्या होत्या. टिकटॉकचं तर सगळं घरच गेलं. 2020 च्या जूनअखेर बंदी आली आणि छोट्या गावांतून, साध्या फोनवरून नाचणारी-गाणारी कितीतरी वेगळी माणसं एका रात्रीत प्रेक्षकांसकट नाहीशी झाली. बंदीची कारणं वेगळी होती, त्यावर इथे वाद नको. पण आपली ओळख दुसऱ्याच्या कंपनीच्या जागेत भाड्याने ठेवली की घरमालक कधीही उठवू शकतो, हे तेव्हा दिसलं.

कागदावर आपल्या देशात बरंच काही झालंय. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा खटल्यात सांगितलं, की आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. 2017 च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2019 च्या कायद्यात ट्रान्स व्यक्तींचा शाब्दिक आणि भावनिक छळ करणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली. 2021 च्या आयटी नियमांनुसार तुमच्या नावाने बनावट अकाउंट काढलं किंवा फोटो मॉर्फ केला, तर तुमच्या तक्रारीनंतर ठरावीक मुदतीत तो मजकूर हटवायची जबाबदारी प्लॅटफॉर्मवर आली. हे माहीत असायला हवं आणि वेळ आली तर वापरायलाही हवं. पण माझ्या स्टोरीवर कुठलं कलम लागणार होतं? मी शिवी दिली नव्हती. मी हार्टचा इमोजी टाकला होता.

म्हणून माझं म्हणणं कायद्याच्या अलीकडचं आहे, आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावरचं. कुणी तुम्हाला विश्वासाने सांगितलं, तर आधी विचारा, आणखी कुणाकुणाला माहितीये? कुठे कोणतं नाव वापरू? घरून फोन आला तर काय म्हणू? माझ्या मित्राची हॉस्टेलवर, वर्गात आणि घरी अशी तीन वेगळी नावं एकाच वेळी चालू होती आणि ती दुटप्पी वागणूक नव्हती, तो पावसात चालताना सांभाळलेला तोल होता. जुने फोटो तुमच्या अकाउंटवर असतील तर ते ठेवायचे की काढायचे, हे त्याला विचारा. काहींना ते हवे असतात. माझ्या मित्राने सगळे काढायला लावले आणि एक ठेवायला सांगितला, ज्यात तो रंकाळ्यावर भेळ खातोय आणि चेहरा कागदामागे आहे. क्लोज फ्रेंड्सच्या हिरव्या वर्तुळावर फार विसंबू नका, स्क्रीनशॉटला रंग कळत नाहीत. आणि प्राइड मंथला कॉलेजच्या पेजवर 'आमचा पहिला ट्रान्स विद्यार्थी' म्हणून पोस्टर करायची हुक्की आली, तर त्या विद्यार्थ्याला 'नाही' म्हणायची खरीखुरी सोय आहे का ते बघा. आमच्याकडे एका उत्साही कमिटीने पोस्टर आधी तयार केलं होतं, परवानगी नंतर मागितली होती.

ट्रान्स मित्रांनो, तुम्हाला मी काय सांगणार? एकच, तेही त्याने सांगितलेलं लिहिते. तुम्ही जगाला काही देणं लागत नाही. ना टाइमलाइन, ना आधीचा फोटो, ना प्रेरणा. तीन वर्षं एकही पोस्ट न टाकता बदललात तरी तो बदल तेवढाच खरा. आणि सगळं टाकावंसं वाटलं तर टाका, फक्त दिवस तुमचा हवा.

त्याने मला माफ केलंय का, हे मी विचारलेलं नाही. स्टोरीनंतर अकरा दिवस तो माझ्याशी बोलला नाही, बाराव्या दिवशी मेसला शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, 'आमटी पाणचट आहे.' तेवढ्यावरून आम्ही पुन्हा सुरू झालो. यंदाच्या वाढदिवसाला मी स्टोरी टाकली नाही. आम्ही मिसळ खाल्ली, पुण्याच्या मिसळीला त्याने नेहमीप्रमाणे शिव्या घातल्या आणि पैसे रोख दिले. बँकेत नाव बदलायचं काम अजून अडकलंय.

वडील अजून बोलत नाहीत. आई रोज रात्री व्हॉट्सॲप करते. पूर्वी ती 'जेवलीस का' विचारायची. आता गेले कित्येक महिने तिने एकही असं वाक्य लिहिलेलं नाही ज्यात तो मुलगा की मुलगी हे ठरवावं लागेल. 'जेवण झालं का?' 'पाऊस आहे का तिकडे?' 'पैसे आहेत ना?' मराठीत हे किती अवघड आहे, करून बघा. मिसळ खाताना त्याने मला ते सगळे मेसेज वरपासून खालपर्यंत स्क्रोल करून दाखवले.

'बघ,' तो म्हणाला, 'शोधून शोधून लिहितीय.'